मिरचीच्या माहेरी तीन दिवस

भंडारा जिल्ह्यात सहलीला जाणारे दोघं असतात आणि सहल ठरवणारं अख्खं गाव. जे जाणार नाहीत त्यांचा उत्साह जास्त. त्यांना बॅग भरायची नसते, पैसे मोजायचे नसतात, आणि पुढे काही बिनसलं तर ‘मी तवाच म्हणलं होतं’ हे वाक्य फुकटात मिळतं. मी या बिनखर्ची वर्गाचा जुना सभासद आहे. माझा थोरला भाऊ आणि वहिनी टेक्सासात ऑस्टिनला मुलाकडे जाणार आणि तिथून तीन दिवसांसाठी सॅन अँटोनियो नावाचं शहर बघून येणार, ही बातमी लाखनीच्या घरी पोचली त्याच संध्याकाळी छपरीत नियोजन समिती भरली. सभेला आमची आई, कृषी खात्यातून निवृत्त झालेले जावईबापू, शेजारचे गुरुजी आणि कुणीही न बोलावलेला पण खर्रा घेऊन आलेला एक पाहुणा, अशी कोरमपुरती मंडळी होती. पुतण्या फोनच्या पडद्यावर होता. त्याच्याकडे सकाळ असल्यामुळे तो ताजातवाना दिसत होता. सभा संपेपर्यंत तो तसा राहिला नाही.

“शहर अमेरिकेत आहे बाबा, पण वातावरण सगळं मेक्सिकन,” तो म्हणाला.

“मंग सरळ मेक्सिकोलेच काऊन नाई जात आपन?” दादाने विचारलं.

मेक्सिकोची सीमा त्या शहरापासून आणखी अडीचशे किलोमीटर लांब आहे, तीन दिवसांत ते जमणार नाही, आणि सॅन अँटोनियो मात्र घरापासून दीड तासावर आहे, असं त्याने समजावलं. दीड तास ऐकल्यावर दादाचा चेहरा पडला. दीड तासात आम्ही नागपूरला जातो, तेही कोर्टाच्या नाहीतर दवाखान्याच्या कामाला. तेवढ्या अंतरावर माणसं सुटी घालवायला जातात हे त्याला पटेना. सुटी म्हणजे कसं, निदान एक रात्र रेल्वेत गेली पाहिजे, वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर पहाटे थंडीत बसलं पाहिजे, पुरीभाजीचा डबा उघडला पाहिजे. ते शहर चांगलंच आहे पण फार जवळ आहे, हा पहिला आक्षेप सभेच्या वृत्तांतात नोंदवला गेला.

सूनबाई पुण्याच्या. त्यांनी तोवर एक एक्सेल शीट तयार करून पाठवलं होतं. त्यात शुक्रवार, शनिवार, रविवार असे तीन रंग होते आणि प्रत्येक रंगात अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन. एका चौकोनात ‘आईबाबा विश्रांती’ असंही लिहिलेलं होतं. दुपारची झोपही वेळापत्रकात बसवता येते हे आमच्या तालुक्याला नवीन होतं. आमच्याकडे ती वेळापत्रकाच्या अगोदरपासून आहे.

आमच्याकडे कुठल्याही गावाची चौकशी पाण्यापासून सुरू होते. जिल्हाच तलावांचा. गोंड राजांच्या काळात कोहळी मंडळींनी जमिनीचा उतार नुसता डोळ्याने जोखून बांधलेले तलाव आजही धानाला पाणी देतात. सरकारी कागदात ते माजी मालगुजारी तलाव आहेत आणि लोकांच्या तोंडी मामा तलाव. त्यामुळे दादाचा पुढचा प्रश्न ठरलेला होता.

“तलाव आहे का तठी?”

“नदी आहे बाबा. शहराच्या मधोमध.”

“केवढी? वैनगंगेएवढी?”

पुतण्या गप्प बसला. वैनगंगेच्या काठी वाढलेल्या माणसाला सॅन अँटोनियोची नदी दाखवणं हे काम नाजूक आहे. शहराच्या मधल्या भागात ती इतकी अरुंद आहे की या काठावरच्याने लाह्या फेकल्या तर त्या काठावरच्याच्या ताटात पडतील. पण तिची गोष्ट मोठी आहे. १९२१ साली तिला भयंकर पूर आला, पन्नासेक माणसं गेली, आणि मग शहराच्या कारभाऱ्यांमध्ये ही वळणं घेणारी नदी बंद करून तिचं भुयारी गटार करावं अशी चर्चा सुरू झाली. तिथल्या काही बायकांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. १९२९ मध्ये रॉबर्ट हगमन नावाच्या एका तरुण वास्तुरचनाकाराने वेगळीच योजना मांडली: पुराचं पाणी दुसरीकडून वळवा आणि या वळणाला दगडी पायवाटा, जिने, छोटे पूल, झाडं आणि दुकानं द्या. मंदीच्या काळात लोकांना काम द्यायचं म्हणून निघालेल्या सरकारी योजनेतून १९३९ ते १९४१ या काळात ते बांधकाम झालं. आज रस्त्याच्या पातळीखाली, उंच झाडांच्या सावलीत, नदीच्या दोन्ही काठांनी माणसं चालत असतात आणि मधून पर्यटकांच्या नावा जातात.

दादाने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. “म्हंजे नदीवर स्लॅब टाकनार होते,” तो म्हणाला. “आपल्यासारखेच आहेत लोक.” त्या एका माहितीने अमेरिकेबद्दलचा त्याचा संकोच पुष्कळ कमी झाला. ऑगस्ट २०२० मध्ये वैनगंगा भंडारा शहरात शिरली तेव्हाची आठवण मग जो तो आपापल्या उंचीप्रमाणे सांगू लागला. कुणाच्या गुडघ्यापर्यंत होतं, कुणाच्या छातीपर्यंत. पुतण्याने मध्ये दोनदा “बाबा, शुक्रवारचं हॉटेल…” असं म्हणून पाहिलं.

या चर्चेत दादाला खरं पकडलं ते एका पाटाने. सॅन अँटोनियोच्या दक्षिणेला नदीकाठाने जुन्या स्पॅनिश मिशनांची रांग आहे. चार मिशनं आणि शहरातला आलामो मिळून २०१५ साली ती युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. मिशन म्हणजे चर्च, तटबंदी, कोठारं, राहायच्या खोल्या आणि भोवती शेती. पाऊस कमी, म्हणून नदीवर बांध घालून पाट काढलेले. त्यातला एस्पाडा मिशनचा पाट अठराव्या शतकातला, एका ओढ्यावरून तो दगडी कमानींच्या पुलाने पलीकडे नेलेला आहे आणि त्यातून अजून पाणी वाहतं. जमिनीचा तुकडा मिळाला की त्यासोबत पाण्याची पाळीही मिळायची.

“शेपटावरच्याले पानी पोचते का?” दादाने विचारलं. गोसीखुर्दच्या कालव्याची वाट बघण्यात ज्याचं आयुष्य गेलं त्यालाच हा प्रश्न सुचतो. पुतण्याला उत्तर देता आलं नाही. संगणकाची पदवी घेतलेल्या पोराला तीनशे वर्षांच्या पाटाची टेल-एंडची स्थिती कशी माहीत असणार? पण दादाचं ठरलं. “हेच दाखव मले. बाकीचं नाई दाखवलं तरी चालते.” एक्सेल शीटमध्ये पाटाला पंधरा मिनिटं होती. ती वाढवून दोन तास करण्यात आली, आणि ती वेळ ‘खरेदी’ नावाच्या गुलाबी चौकोनातून कापण्यात आली. वहिनी त्या वेळी आत चहा टाकत होत्या. लोकशाहीत असे निर्णय नेहमी अशाच वेळी होतात.

गुरुजींना आलामोत रस होता. १८३६च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये त्या जुन्या मिशनच्या आवारात टेक्सासच्या बंडखोरांना मेक्सिकोच्या सांता आनाने तेरा दिवस वेढा घातला आणि शेवटी आतले जवळजवळ सगळे लढवय्ये मारले.

“जिंकलं कोन?”

“त्या दिवशी मेक्सिको. दीड महिन्यानं सॅन हासिंतोला टेक्सास.”

“म्हंजे हरलेल्या लढाईचं देऊळ बांधलं,” गुरुजींनी समाधानाने मान हलवली. “मंग कळते आपल्याले. आपलंही पानिपत आहे.” पाहुण्याने तेवढ्यात गुरुजींना विचारलं की पवनीला १९६९-७० मध्ये खणून काढलेला बौद्ध स्तूप त्यांनी पाहिला आहे का, आणि तुमसरजवळचा आंबागड तरी? गुरुजींनी पाहिला नव्हता. सभेत कुणीच पाहिला नव्हता. दुसऱ्या खंडातल्या भिंती बघायला व्हिसा लागतो, फी लागते, मुंबईला मुलाखत लागते, म्हणून तिथे जाणं होतं. पवनीला काहीच लागत नाही, त्यामुळे ते राहून जातं.

आता मुद्दा असा आला की अमेरिकेतलं शहर मेक्सिकन कसं. पाहुण्याचं म्हणणं, मेक्सिकोचे लोक कामाला आले असतील, आपल्याकडचे मजूर पुण्या-हैदराबादला जातात तसे. पुतण्याने शहराची कुंडली वाचून दाखवली. १७१८ साली स्पेनच्या राज्यात वसलं. १८२१ला मेक्सिको स्वतंत्र झाला तेव्हा मेक्सिकोत. १८३६ला टेक्सास वेगळं प्रजासत्ताक झालं, तेव्हा त्यात. १८४५ला अमेरिकेत. १८६१ला गुलामगिरी टिकवायला फुटून निघालेल्या दक्षिणेच्या राज्यांत. १८६५ला परत अमेरिकेत.

आई इतका वेळ भिंतीला टेकून तांदूळ निवडत होती. नव्वदीला टेकलेल्या आमच्या आईचं जगाच्या राजकारणाबद्दल सहसा काही म्हणणं नसतं. पण ही यादी संपल्यावर ती म्हणाली, “मंग ते कुठी आले बापा? ते तर तठीच होते. झेंडाच बदलला.”

इतिहासाच्या जाडजूड पुस्तकांना जे प्रकरणभर सांगावं लागतं ते तिने ताटातला खडा काढता काढता सांगितलं. तिला ते कळणारच. ती जन्मली तेव्हा भंडारा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. १९५० मध्ये ती मध्यप्रदेशात गेली. १९५६ला मुंबई राज्यात, १९६०ला महाराष्ट्रात. यातल्या कुठल्याही स्थलांतरासाठी तिला उंबरठा ओलांडावा लागला नाही. तिचं माहेर अर्जुनी-मोरगावकडचं. १ मे १९९९ला गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि तिचं माहेर रात्रीतून परजिल्ह्यात गेलं. तेव्हापासून माहेरची माणसं आली की ती त्यांना ‘गोंदियावाले’ म्हणते आणि भाजीत तेल जरा जास्त घालते. सॅन अँटोनियोतल्या जुन्या मेक्सिकन घरातली एखादी म्हातारी आणि आमची आई समोरासमोर बसल्या तर त्यांना दुभाष्याची गरज पडेल, पण फार वेळ नाही.

यानंतर जेवणाचा विषय निघाला आणि सभा जिवंत झाली. मेक्सिकन जेवणाशी आमची ओळख लग्नाच्या बुफेतली. हल्ली साकोलीपासून तुमसरपर्यंत कुठल्याही लॉनवर पाणीपुरी आणि डोशाच्या मध्ये ‘मेक्सिकन’ अशी पाटी लावलेला एक पोरगा उभा असतो. तो तळलेल्या तिकोनी पापडांवर मक्याचे दाणे, कांदा, टमाटर आणि पांढरा सॉस घालून देतो, आणि वरून चाट मसाला भुरभुरतो. खऱ्या मेक्सिकोत त्याला अटक होईल की नाही सांगता येत नाही, कारण नाचोसुद्धा काही फार जुनी गोष्ट नाही. १९४०च्या दशकात सीमेवरच्या पिएद्रास नेग्रास गावात इग्नासिओ आनाया नावाच्या उपाहारगृहातल्या माणसाने, आचारी जागेवर नसताना आलेल्या पाहुण्या बायकांपुढे हाताला लागलं ते एकत्र करून ठेवलं, आणि त्याच्या लाडक्या नावाने तो पदार्थ जगभर गेला. स्वयंपाकघरात आचारी नसला की नवे पदार्थ जन्मतात हे आमच्याकडेही खरं आहे. फक्त ते जगभर जात नाहीत, गाईला जातात.

वहिनींची काळजी वेगळी होती. त्यांचा गुरुवार गजानन महाराजांचा, त्या दिवशी अंडंही नाही. सहल शुक्रवारपासून असल्यामुळे गुरुवार वाचला, पण इतर दिवशीसुद्धा काय खातो ते त्यांना कळलं पाहिजे. सूनबाईंनी फोनवरून सांगितलं की तिकडच्या घोटलेल्या राजम्यात आणि तामालेच्या पिठात पूर्वापार डुकराची चरबी असते, भातसुद्धा कोंबडीच्या रश्श्यात शिजवलेला असू शकतो, त्यामुळे प्रत्येक ठिकाणी विचारावं लागेल. त्यांनी ते विचारण्यासाठी स्पॅनिश वाक्यं एका स्वतंत्र शीटमध्ये लिहून ठेवली होती. दादा मात्र निवांत होता. सॅन अँटोनियोच्या चौकांमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बायका कंदिलाच्या उजेडात तिखटजाळ मांसाचा रस्सा विकायच्या, ‘चिली क्वीन’ म्हणून त्या प्रसिद्ध होत्या, पुढे आरोग्य खात्याच्या नियमांनी त्यांना उठवलं, हे कळल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला. “म्हंजे सावजी?” पुतण्या म्हणाला, “हो बाबा, तसंच समजा.” हलबा कोष्ट्यांच्या घरातून निघून नागपूरच्या गल्लोगल्ली पोचलेला रस्सा आणि टेक्सासच्या चौकातला रस्सा यांचा संबंध त्याने असा परस्पर जुळवून टाकला, आणि विरोध करण्यासारखं कुणाकडे काही नव्हतं.

इथे जावईबापूंनी घसा साफ केला. कृषी खात्यातला माणूस निवृत्त होतो, पण त्याचं मार्गदर्शन शिबिर कधी निवृत्त होत नाही.

“तुम्ही मेक्सिको पाहायले चालले,” ते म्हणाले, “अन् मेक्सिको तुमच्या वाडीत बसला आहे.”

मग त्यांनी बसल्या जागेवरून बोट दाखवायला सुरुवात केली. मागच्या मिरच्या: मूळ मेक्सिकोच्या बाजूच्या, पोर्तुगीजांच्या जहाजातून इकडे आलेल्या. भिवापुरी मिरचीचा तोरा कितीही असो, पाचशे वर्षांपूर्वी भिवापूरला मिरची नव्हती. टमाटर तिकडचा, मका तिकडचा, लाल भोपळा तिकडचा. कुंपणाकडचं सीताफळ, पपई आणि पेरू अमेरिका खंडातले. दारापुढचा झेंडू मेक्सिकोचा. शेजारच्यांचा निशिगंध मेक्सिकोचा. मोरीमागचं बेशरमाचं झाड अमेरिका खंडातलं, आणि नाव आपण दिलेलं असलं तरी गुण त्याचे स्वतःचे. रेल्वेच्या कडेचं घायपात मेक्सिकोचं.

घायपाताचं नाव निघताच पाहुणा सावरून बसला. त्याने कुठेतरी वाचलं होतं की तिकडे याचीच दारू करतात. जावईबापूंनी लगेच खुलासा केला की टकिला ज्या निळ्या घायपातापासून होते ती जात वेगळी, आपली वरठीच्या रुळालगतची वेगळी, तिच्या पानातून फक्त दोर निघतात, आणि कुणीही प्रयोग करू नयेत. खुलासा वेळेवर झाला. मोहफुलांचा जिल्हा आहे आमचा, कच्च्या मालाकडे बघायची नजर जन्मजात असते.

“अन् खर्रा?” पाहुण्याने भीत भीत विचारलं.

“तंबाखू अमेरिका खंडातलीच.”

पाहुण्याने हातातल्या पन्नीकडे नव्या आदराने पाहिलं. त्यातच पुतण्याने सांगितलं की मेक्सिकोत मका आधी चुन्याच्या निवळीत शिजवून रात्रभर भिजवतात, मग धुऊन पाट्यावर वाटतात आणि त्याची टॉर्टिया थापतात. चुन्यामुळे साल सुटतं, पीठ चिवट होतं आणि मक्यातलं एक जीवनसत्त्व अंगी लागतं. युरोपियनांनी मका नेला, पण चुन्याची गोष्ट विचारली नाही, म्हणून तिकडच्या नुसत्या मक्यावर जगणाऱ्या गरिबांना पेलाग्रा नावाचा कातडीचा आणि डोक्याचा रोग झाला. बाई काय करते ते न बघता पीठ घेऊन गेले की असंच होतं, असं वहिनींनी आतून सांगितलं. पाहुणा मात्र चुना आणि तंबाखू दोन्ही एकाच देशातून जोडून मिळाल्यामुळे इतका खूश झाला की सहलीला मीही येऊ का असं विचारून बसला.

जावईबापू थांबले नव्हते. गाजरगवत घ्या, म्हणाले. १९५०च्या दशकात अमेरिकेतून आलेल्या धान्यासोबत ते आलं असं सांगतात, पुण्याला प्रथम दिसलं, आणि आता धुऱ्यावर, रस्त्यावर, कचेरीच्या आवारात सगळीकडे तेच. लोक त्याला काँग्रेस गवत म्हणतात, पण राज्य कुणाचंही असो, ते उगवतं. त्याचं मूळ मेक्सिको आणि भोवतालचा मुलूख. म्हणून मग त्याचा शत्रूही तिथूनच आणावा लागला. झायगोग्रामा बायकोलोराटा, म्हणजे मेक्सिकन भुंगा. १९८४ साली बेंगळुरूकडे ते सोडले आणि पुढे कृषी खात्याने ठिकठिकाणी. जावईबापूंनी स्वतः डबीतून नेऊन बांधावर सोडलेले आहेत. ते गाजरगवताची पानं खातात आणि उन्हाळ्यात जमिनीत शिरून झोपतात.

“उन्हाळ्यात झोपते?” दादाने खात्री करून घेतली.

“पाऊस पडेपर्यंत.”

“मंग ते भंडाऱ्याचेच झाले,” दादा म्हणाला.

एवढ्यावर भागतं तर बरं होतं, पण जावईबापूंनी शेवटचा पत्ता काढला. वर्ध्यात जन्मलेले डॉ. पांडुरंग खानखोजे. गदर चळवळीतले क्रांतिकारक, अमेरिकेत शेतीशास्त्र शिकलेले, इंग्रजांच्या यादीत नाव लागल्यामुळे मायदेशाचे दरवाजे बंद झालेले. १९२४ साली ते मेक्सिकोत पोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले, मक्याच्या संकरित वाणांवर काम केलं, शेतकऱ्यांच्या पोरांसाठी मोफत कृषी शाळा उभ्या केल्या. मेक्सिकोचा थोर चित्रकार दिएगो रिवेरा त्यांचा मित्र. मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर रिवेराने रंगवलेल्या भाकरीच्या पंगतीच्या चित्रात खानखोजे मध्यभागी बसलेले आहेत. स्वातंत्र्यानंतर ते परतले, नागपुरात राहिले, आणि १९६७ साली तिथेच वारले.

सभा थोडा वेळ भारावली. मग दादाने विचारलं, “धानाचं काही केलं का त्यायनं?” मका आणि गहू, असं उत्तर मिळालं. “मंग वर्ध्याचे,” तो म्हणाला. भंडाऱ्याचा माणूस असता तर धानाकडे वळला असता, यावर एकमत झालं. तरीही विदर्भाचा माणूस तिकडच्या भिंतीवर जेवायला बसला आहे हे कळल्यावर मेक्सिको आता परका राहिला नव्हता. तो सोयरा झाला होता, आणि सोयऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं नसतं.

तिथून वहिनींची बॅग सुरू झाली. कुरुड्या, लाखोळीची डाळ, चिन्नोरचा तांदूळ, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्षाचं कुटलेलं तिखट. मिरचीला तिच्या माहेरी घेऊन जाण्यात काय अर्थ आहे असं मी विचारलं. “लेकीनं सासरी काय कमावलं ते दाखवायले नको का भाऊजी?” त्यांनी उलट विचारलं. सूनबाईंनी विमानतळावर काय चालतं नि काय चालत नाही त्याची यादी वाचली: बिया नाहीत, ताजी फळं-भाज्या नाहीत, मांसाचं काही नाही, आणि जे काही खायचं असेल ते आपणहून सांगायचं. लाखोळी ही डाळ की बी यावर बराच काथ्याकूट झाला. जावईबापूंनी भरडलेली असेल तर डाळ, अख्खी असेल तर बी, असा निवाडा दिला. येताना वहिनींना तिकडच्या मोठ्या मेक्सिकन बाजारातून ज्वालामुखीच्या दगडाचा तीन पायांचा खल आणायचा आहे, ठेचा वाटायला. तो केवढा जड असतो ते पुतण्याने सांगून पाहिलं. त्यावर दादाचे कपडे तिकडेच ठेवून यावेत असा तोडगा वहिनींकडे तयार होता.

राहता राहिली तारीख. सूनबाईंनी एप्रिल सुचवला होता. त्या महिन्यात तिथे ‘फिएस्ता’ नावाचा मोठा उत्सव असतो, १८९१ पासून चालत आलेला, मिरवणुका, नाच, रंगीत कागदी पताका. त्या काळात इकडे बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री तापलेलं असतं, तेव्हा सुटकाही झाली असती. पण एप्रिलात घरातली दोन लग्नं आहेत, त्यातलं एक माझ्या मेव्हण्याच्या मुलीचं, आणि त्या बुफेतही मेक्सिकन काउंटर असणार आहे.

दुसरा पर्याय नोव्हेंबरची सुरुवात. १ आणि २ नोव्हेंबर हे मेक्सिकन लोकांचे मृतांचे दिवस. घराघरात झेंडूच्या फुलांची आरास करतात, गेलेल्या माणसाचा फोटो ठेवतात, त्याला आवडायचं ते खायला-प्यायला मांडतात, साखरेच्या कवट्या ठेवतात, कबरीपाशी रात्र जागवतात, गातात. सॅन अँटोनियोतही तो सण मोठा होतो.

“म्हंजे सर्वपित्री,” आई म्हणाली. तिला काही नवल वाटलं नाही. पण भाद्रपदात उरकलेली गोष्ट दिवाळीच्या तोंडावर पुन्हा कशाला, एवढंच तिला कळेना. “कावळा शिवते का?” तिने विचारलं. पुतण्याने सांगितलं की तिकडे कावळा नाही, त्याच सुमाराला उत्तरेकडून लाखो मोनार्क फुलपाखरं मेक्सिकोच्या डोंगरात येतात, आणि तीच आपली गेलेली माणसं अशी कित्येकांची श्रद्धा आहे. आईने विचार केला. फुलपाखरू दिसायला छान, पण ते भात खात नाही, मग मंडळी तृप्त झाली की नाही ते कळायचं कसं? त्यापेक्षा कावळा बरा, असा तिने निकाल दिला. साखरेच्या कवट्या मात्र तिला आवडल्या. होळीच्या गाठ्यांनंतर दात नसलेल्या माणसांसाठी कुणीतरी काहीतरी केलं होतं.

नोव्हेंबरच्या बाजूने आणखी एक गोष्ट होती. सॅन अँटोनियो आणि चेन्नई २००८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि त्या निमित्ताने त्या अरुंद नदीत दिवाळीच्या सुमाराला दिवे सोडायचा कार्यक्रम होतो. मेक्सिकन वातावरण बघायला जाऊन दादाला दिवाळीही करता येईल. गुरुजींना ही बातमी आवडली नाही. नदी, पितर, झेंडू, मिरची, हे सगळं भंडाऱ्याशी जुळत असताना भगिनी म्हणून चेन्नईची निवड कुणी केली, आणि भंडारा नगरपरिषदेला साधं पत्र तरी आलं होतं का, असं ते विचारू लागले. अर्ज लिहायला कागदही मागवला होता, पण चहा आला.

एक्सेल शीटमध्ये मग नोव्हेंबर पक्का झाला. शुक्रवारी नदीकाठ, शनिवारी बाजार आणि मृतांची आरास, रविवारी पाट. सूनबाईंनी तिकडे सगळे चौकोन हिरवे केले. पुतण्याने हॉटेल निवडलं, पैसे भरायच्या बटणावर बोट ठेवलं आणि शेवटचं म्हणून विचारलं, “बाबा, मग करू ना?”

दादा उठून छपरीच्या टोकाला गेला. समोरच्या बांधीत धान पोटरीवर आलं होतं.

“नोव्हेंबरात कापनी नाई का?” तो म्हणाला. “मजूर भेटून नाई रायले, खरेदी केंद्रावर नंबर लागते. मी तिकडे फुलपाखरं पाहू का?”

“बाबा, तारीख आपल्या हातात नाही. सगळ्या मेक्सिकोचा सण आहे तो.”

“असू दे ना. मेलेले मानसं आहेत, त्यायले कायची घाई? म्हना त्यायले, कापनी होऊ द्या, मंग या.”

“हौ,” वहिनी आतून म्हणाल्या, “अन् येतानी चुंगड्या घेऊन या म्हना. धान भरायच्या चुंगड्याही कमीच पडून रायल्या यंदा.”